शेड कार्ड

नेरूळ, सेक्टर दहा, तिसरा मजला.
सिडकोनं ताब्यात दिला तेव्हाचा फिकट क्रीम
बावीस वर्षं आम्ही तोच पुन्हा पुन्हा लावला,
जणू करारनाम्यातच लिहिलं होतं.

या दिवाळीआधी यल्लप्पानं शेड कार्ड उघडलं,
एका खिळ्याभोवती फिरणारा पंखाच तो.
प्रत्येक पट्टीवर इंग्रजी नाव, चार आकडी नंबर.
मी मनात माझी नावं घालत गेले:
हा आमसुली. हा कोनफळाचा.
हा ओट्यावरच्या ओल्या फडक्याचा.
हा शाळेतल्या रिबिनीचा, दुसऱ्या धुण्यानंतरचा.

मधू म्हणाला, मला कुठलाही चालेल.
तेवीस वर्षं त्याला कुठलाही चालत आलाय.
पडदे, चादरी, माझ्या साड्या:
"छान आहे."
लक्षच नसतं मेलं, असं मी
भिशीतसुद्धा सांगून बसलेय.

एक तरी निवड, म्हटलं.
त्यानं बोट ठेवलं.
"हा राखाडी बरा. शांत आहे."
बोटाखाली गुलाबी होता.

यल्लप्पा हसला.
मधूनं बोट काढलं नाही,
माझ्याकडे बघत राहिला,
पेपर तपासून होईस्तोवर
टेबलाशी उभ्या राहिलेल्या पोरासारखा.

रात्री भांडी पुसता पुसता कळलं ते एवढंच:
ब्याण्णव साली रेल्वेची मेडिकल.
ठिपक्यांच्या वर्तुळात सगळ्यांना आकडा दिसला,
याला ठिपके.
घरी सांगितलं, उंची कमी पडली.
लग्न ठरताना मलाही उंचीच सांगितली होती.
मग वाशीला कांदा-बटाटा मार्केटात हिशेब,
शाई निळी, काही अडलं नाही.

मला तळं आठवलं.
दर हिवाळ्यात आम्ही फ्लेमिंगो बघायला जायचो.
काठावर कुणीतरी ओरडायचंच, "केवढे गुलाबी!"
आणि हा म्हणायचा, "केवढे!"
नुसतं केवढे.
मी कधी ऐकलंच नाही नीट.

दुसऱ्या दिवशी कात्रीनं पट्ट्या कापल्या,
पत्त्यांसारख्या पिसल्या, एकेक त्याच्यापुढे टाकली.
लाल-हिरव्यात तो चाचपडतो,
पिवळा बरोबर सांगतो.
आणि निळा! मला जिथे चार निळे दिसतात
तिथे त्याला सहा.
डाव त्यानं जिंकला. पहिल्यांदा खूश दिसला रंगांवर.

म्हणून हॉल गर्द निळा,
चौकटी हळदीच्या.
स्वयंपाकघर मोहरीच्या फोडणीचं पिवळं, आत शाईची फळी.
यल्लप्पा दोनदा म्हणाला, "वहिनी, बघा बरं का."
समोरच्या कोतवडेकरबाई दारातूनच म्हणाल्या,
"अगोबाई, पेट्रोल पंप!"
ऋजुतानं पुण्याहून फोनच्या पडद्यावर घर बघितलं,
"आई, काय हे?"
फॅशन, म्हटलं. हल्ली असंच चालतं.
आत मधू पंख्याची पाती पुसत होता,
गुणगुणत होता काहीतरी, बेसूर.

झोपायच्या खोलीची एक भिंत मात्र मी मागून घेतली.
दोन पट्ट्या त्याच्यापुढे धरल्या,
अबोली आणि फिकट शेवाळी.
"एकच ना?"
"एकच."
मग वर अबोली, खाली शेवाळी,
मधे टेप लावून सरळ रेघ.
पाहुण्यांना विचित्र वाटते, वाटू दे.
घर थोडं माझंही आहे.

तो एका भिंतीकडे तोंड करून झोपतो,
मी दोन.

कधी दिवा घालवल्यावर म्हणतो, कुठे आहे गं ती रेघ?
टेप काढताना रंगाची कड जराशी उंच राहिलीय,
नखाला लागते.
मी त्याचं बोट धरून भिंतीवर नेते.
"इथे?"
"थोडं खाली."